स्वयंपाकघराचे काम काढण्यापूर्वी : मोजमाप, अंदाजपत्रक आणि कामांचा क्रम

स्वयंपाकघराचे काम काढणारी बहुतेक कुटुंबे सुरुवात टाइल्सच्या दुकानापासून करतात आणि खर्च तिथूनच हाताबाहेर जाऊ लागतो. नक्षी आणि ग्रॅनाइटचा रंग आधी ठरतो. सांडपाणी कोणत्या बाजूने काढायचे, घरघंटी कुठे ठेवायची, सिलिंडर कुठे राहील हे प्रश्न मात्र मिस्त्री दारात उभा राहिल्यावर निघतात. मग कालच लावलेली टाइल आज फोडून तिच्यामागून नळी न्यावी लागते, आणि एकाच कामाची मजुरी दोनदा द्यावी लागते. छोट्या स्वयंपाकघराचे बजेट बहुधा या दुसऱ्यांदा केलेल्या कामांमुळेच कोसळते, म्हणून या लेखात वस्तूंच्या निवडीपेक्षा तयारी आणि क्रम यांवर अधिक भर दिला आहे. हिशेब समजावा म्हणून ८ × १० फुटांची खोली आणि तिच्यातील काटकोनी ओटा हे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे.

टप्पा १ : पंधरा दिवसांची नोंद

काम ठरवण्याआधी पंधरा दिवस स्वयंपाकघरात एक वही ठेवावी आणि घरात जो कोणी स्वयंपाक करतो त्याने त्या वहीत अडचण आली की लगेच लिहावी. मिक्सर लावताना फ्रिजचा प्लग काढावा लागला, पाण्याचा हंडा ठेवायला जागा नव्हती, दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने शेगडीची ज्योत विझली, मोठे पातेले सिंकमध्ये मावले नाही, अशा नोंदी मिळतात. पंधरा दिवसांनी जी तक्रार तीनपेक्षा अधिक वेळा आली असेल ती कामाच्या यादीत घ्यावी. एकदाच आलेली तक्रार बहुधा सवयीने किंवा साध्या मांडणीने सुटते.

आपल्या खानदेशातल्या स्वयंपाकाच्या काही गरजा तयार आराखड्यांत सापडत नाहीत. भरितासाठी बडगी (वांगी ठेचायचे लाकडी भांडे) वापरली जात असेल तर ठेचण्याची जागा ओट्यावर नसावी, कारण ग्रॅनाइटला सतत बसणारे हादरे सोसत नाहीत. त्यासाठी जमिनीवर मोकळी जागा राखावी. खापरावरचे मांडे, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि वर्षाचे पापड परसदारी होत असतील तर त्यांच्यासाठी आतली जागा अडवू नये. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात रोटांच्या जेवणाला भाऊबंद जमत असतील, तर त्या दिवसाची भांडी कुठे धुतली जातात हे मात्र वहीत अवश्य लिहावे, कारण त्यावर सिंकचा आकार ठरतो.

टप्पा २ : मोजमाप आणि कागद

खोलीची लांबी व रुंदी जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीवर आणि छताखाली अशी तीन ठिकाणी मोजावी. काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरांत भिंती थोड्या सरकलेल्या असतात, त्यामुळे तिन्ही मापांत अर्धा ते एक इंचाचा फरक निघणे नवलाचे नाही. ओट्याचा दगड कापण्यासाठी सर्वांत लहान माप धरून चालत नाही आणि सर्वांत मोठेही नाही. ओट्याच्या उंचीवरचे मापच दगडवाल्याला द्यावे.

कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट अंतरावर खूण करावी. दोन खुणांमधील तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोपरा काटकोनी आहे. कमी-अधिक भरले तर टाइल लावताना शेवटच्या ओळीत पाचर येईल, आणि ती पाचर दर्शनी बाजूला न येता ओट्याखाली किंवा फ्रिजमागे जाईल अशा रीतीने ओळी आखायला मिस्त्रीला आधीच सांगता येते.

काळ्या मातीच्या घरात भिंतीला तिरकी भेग असेल तर ती पुट्टीने बुजवून वर टाइल लावू नये. भेगेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खूण व तारीख घालावी आणि शक्य असल्यास एक पावसाळा व एक उन्हाळा तिच्यावर लक्ष ठेवावे. माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. भेग त्याबरोबर उघडझाप करत असेल तर टाइल सुटणारच.

*तपासणी :* कागदावर खोलीचा आराखडा, दारे-खिडक्या, खांब, सध्याचे नळ, सांडपाण्याची नळी, स्विचबोर्ड आणि दार कोणत्या बाजूला उघडते हे सर्व उतरले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : काय हलवायचे आणि काय जागेवर ठेवायचे

छोट्या कामात पैसे वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सिंक जागेवर ठेवणे. पाण्याची नळी कुठेही वळवता येते, परंतु सांडपाण्याला उतार लागतो. साधारण ४० इंचांना १ इंच उतार धरला तर सिंक ८ फूट दूर नेल्यावर नळी जवळजवळ अडीच इंच खाली जावी लागते, म्हणजे तेवढा कोबा (जमिनीचा काँक्रीटचा थर) फोडावा लागतो. फ्लॅटमध्ये तर खालच्या कुटुंबाच्या छताचा प्रश्न उभा राहतो. शेगडी हलवणे त्या मानाने स्वस्त आहे, म्हणून अदलाबदल करायचीच असेल तर शेगडीची करावी आणि ती खिडकीसमोर येणार नाही हे पाहावे.

भिंत पाडून स्वयंपाकघर मोठे करण्याचा विचार असेल तर ती भिंत भार वाहणारी आहे का हे अभियंत्याला दाखवल्याशिवाय ठरवू नये. धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या भिंतीत नळीसाठी खोल खाचा पाडणे धोक्याचे असते. तिथे नळ्या व वायरी बाहेरून पट्टीने न्याव्यात, दिसायला थोड्या कमी सुबक वाटल्या तरी.

ओट्याच्या उंचीचा निर्णय या टप्प्यावर घ्यावा. ३२ ते ३४ इंच हे नेहमीचे माप आहे, पण जी व्यक्ती रोज उभी राहते तिच्या कोपरापेक्षा ओटा चार-पाच इंच खाली असावा. भाकरी थापायला याहूनही थोडी खालची पातळी बरी वाटते. खात्री करून घ्यायची असेल तर विटांच्या दोन थप्प्यांवर फळी टाकावी, तिच्यावर परात ठेवून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाची एक भाकरी खरोखर थापून पाहावी. खांदे वर उचलले जात असतील तर एक वीट काढावी आणि पुन्हा थापावी. दहा मिनिटांचा हा प्रयोग पुढची वीस वर्षे पाठ दुखण्यापासून वाचवू शकतो.

*सावधान :* ओट्याची उंची तयार होणाऱ्या नव्या फरशीपासून मोजायची असते. जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवायची असेल तर जमीन इंच-दीड इंच वर येते आणि ३४ इंचांचा ठरवलेला ओटा प्रत्यक्षात साडेबत्तीस इंचांचा होतो. दाराची फळीही खालून कापावी लागते, तो खर्च यादीत कोणी लिहीत नाही.

टप्पा ४ : अंदाजपत्रक

प्रथम एकूण रक्कम ठरवावी आणि तिच्यातील १५ टक्के बाजूला काढून तिला हात लावायचा नाही असे ठरवावे. भिंत फोडल्यावर आत काय निघेल हे कोणालाही सांगता येत नाही. ही राखीव रक्कम त्यासाठी आहे, महागड्या नळासाठी नाही. उरलेल्या रकमेतून आधी भिंतीआडची कामे भागवावीत आणि दिसणाऱ्या वस्तू त्यानंतर उरलेल्या पैशांत बसवाव्यात. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

समजा हाताशी १,५०,००० रुपये आहेत. राखीव २२,५०० वजा केल्यावर १,२७,५०० उरतात. त्यांची वाटणी अशी करता येईल :

- तोडफोड आणि मलबा उचलणे : ९,०००
- नळकाम, साहित्यासह : १८,०००
- वीजकाम, साहित्यासह : १६,५००
- गवंडीकाम, सिमेंट, वाळू, गिलावा : २०,०००
- ओटा आणि सिंक : १९,०००
- टाइल्स आणि त्यांची लावणी : १७,०००
- ओट्याखालची कपाटे किंवा मांडण्या : २२,०००
- रंग : ६,०००

हे आकडे बाजारभाव म्हणून धरू नयेत, कारण दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. ही फक्त मांडणीची पद्धत आहे. आपल्या गावातील दर मिळाल्यावर प्रत्येक ओळ पुन्हा लिहावी. बेरीज जास्त आली तर कपाटे पुढच्या वर्षावर ढकलावीत, नळकाम आणि वीजकाम कधीही कापू नये. कपाट नंतर बसवता येते, भिंतीतील नळी नंतर बदलता येत नाही.

दर विचारताना तिघांना एकच लेखी यादी द्यावी, म्हणजे तुलना होऊ शकते. दर जीएसटी धरून की वगळून, हमाली व वाहतूक कोणाची, मलबा कोण उचलणार, टाइलसाठीचे रसायन व ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा मसाला) कोणाकडे, सिंकचे भोक कापण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे पाच प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या यादीत यांतील तीन गोष्टी बहुधा नसतात.

मापातील घोळ कुठे होतो ते ओट्याच्या उदाहरणाने पाहू. ओट्याची एक बाजू ८ फूट, दुसरी ६ फूट आणि रुंदी २ फूट आहे. दोन्ही बाजू सरळ गुणल्या तर १६ आणि १२ मिळून २८ चौरस फूट होतात. परंतु कोपऱ्यातील २ × २ फुटांचा तुकडा यात दोनदा मोजला गेला आहे. खरे क्षेत्रफळ १६ अधिक ८, म्हणजे २४ चौरस फूट. पुढच्या कडेच्या गोलाईचे पैसे रनिंग फुटाने लागतात, तिथेही १४ फूट लावले जातात. प्रत्यक्षात पुढची कड ६ अधिक ४ अशी १० फूट आणि मोकळ्या टोकाची २ फूट, एकूण १२ फूट भरते. कोणी फसवतोच असे नाही, घाईत तोंडी हिशेब असाच होतो. आपण कागदावर आकृती काढून दाखवली की दोन मिनिटांत मिटते.

टाइल्सचा हिशेब सोपा आहे. जमीन ८० चौरस फूट आणि तूट १० टक्के धरून ८८. दोन फूट बाय दोन फूट टाइलच्या चार नगांच्या खोक्यात १६ चौरस फूट माल असतो, म्हणून सहा खोकी लागतात. खोक्यावर छापलेले क्षेत्रफळ आणि बॅच क्रमांक वाचून घ्यावा, कारण एकाच नक्षीच्या दोन बॅचमध्ये छटा वेगळी निघते. उरलेल्या टाइल परत न देता चार-पाच घरात ठेवाव्यात.

टप्पा ५ : वेळ, माणसे आणि तात्पुरती चूल

आपल्या भागात या कामासाठी जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. त्याआधी बिगारी कापूस वेचणीला जातात. त्यानंतर घरोघरी पापड-कुरडयांची धांदल सुरू होते आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर मजूर आठ-आठ दिवस गावाहून परतत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा गिलावा पाणी पिण्याआधीच सुकतो आणि त्याला पाजायला पाणीही पुरत नाही. पावसाळ्यात गिलावा व लाकूडकाम वाळत नाही.

अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी येण्याचे दिवस कॅलेंडरवर लिहून कोबा व गिलावा त्यांच्या आसपास ठेवावा. काम वीस-पंचवीस दिवस चालते असे धरून ओसरीत किंवा मागच्या खोलीत शेगडी, पिण्याचे पाणी आणि भांडी घासायची जागा तयार करावी. मधूनमधून बाहेरची शेवभाजी मागवली जाणार हे गृहीत धरून तोही खर्च घरखर्चात लिहावा.

मजुरीचे पैसे चार हप्त्यांत ठरवावेत : काम सुरू होताना, नळ-वीज तपासणीनंतर, ओटा व टाइल पूर्ण झाल्यावर आणि वापर सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर. उचल मागितली तर ती कोणत्या हप्त्यातील आहे हे लिहून सही घ्यावी.

टप्पा ६ : तोडफोड

सिलिंडर खोलीबाहेर काढावा, खोलीचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा विजेचा स्विच) बंद करावा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि सांडपाण्याच्या नळीचे तोंड गोणपाटाने घट्ट बुजवावे. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. मग सिमेंटचा चुरा नळीत जाऊन बसतो आणि तीन महिन्यांनी सिंक तुंबते. जुन्या कडप्प्याच्या अखंड फळ्या मलब्यात टाकू नयेत, ओट्याखालच्या मांडणीला त्या उत्तम चालतात.

टप्पा ७ : नळ आणि वीज

हा संपूर्ण कामाचा कणा आहे आणि इथे घाई करणाऱ्या मिस्त्रीला थांबवण्याचा अधिकार घरमालकाने वापरला पाहिजे. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) आणि सिंकच्या सांडपाण्यासाठी किमान २ इंची नळी घ्यावी. शक्य असल्यास टाकीचे पाणी आणि थेट येणारे पाणी यांचे दोन वेगळे नळ सिंकवर आणावेत. सिंकखाली एक स्वतंत्र कॉक असावा, म्हणजे नळाचा वॉशर बदलायला सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही. फोडणीचे तेल नळीत साचते, म्हणून वळणाजवळ उघडता येणारे झाकण ठेवावे.

विजेचा हिशेब वॉटमध्ये करावा. इंडक्शन शेगडी २,०००, मायक्रोवेव्ह १,२०० आणि मिक्सर ७५० वॉट धरले तर तिन्ही एकदम चालल्यावर ३,९५० वॉट होतात, म्हणजे २३० व्होल्टवर १७ अँपिअरपेक्षा जास्त. १६ अँपिअरच्या एकाच लाइनवर हे चालणार नाही. घरघंटी वेगळीच. म्हणून स्वयंपाकघरात किमान दोन स्वतंत्र लाइन घ्याव्यात. तांब्याची वायर दिव्यांसाठी १.५, १६ अँपिअर सॉकेटसाठी किमान २.५ आणि मोठ्या भारासाठी ४ चौरस मिलिमीटर असावी. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांवर तडजोड करू नये, कारण इथे ओल्या हातांनी स्विच दाबले जातात. सॉकेट ओट्यापासून आठ-दहा इंच वर, आणि सिंक व शेगडी यांच्या अगदी मागे नकोत.

एक्झॉस्ट फॅनचे भोक याच वेळी पाडावे. ते शेगडीजवळ, छताखाली आणि ताजी हवा येण्याच्या दारा-खिडकीपासून दूर असावे. शेजारी खिडकी उघडी असेल तर पंखा तिथलीच हवा फिरवतो आणि मिरचीचा ठसका खोलीतच राहतो.

*तपासणी :* खाचा बुजवण्यापूर्वी नळ्यांची तोंडे बंद करून त्या २४ तास पाण्याच्या दाबाखाली ठेवाव्यात. सांडपाण्याच्या नळीत बादलीभर पाणी एकदम ओतून पाहावे. त्यानंतर प्रत्येक भिंतीचा, शेजारी टेप धरून, फोटो काढावा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना हाच फोटो उपयोगी पडतो. दुसरा हप्ता याआधी देऊ नये.

टप्पा ८ : गिलावा, ओटा, फरशी, टाइल

गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे. भिंत पश्चिमेची असेल तर ओले गोणपाट लावावे. नंतर सर्व भिंतींवर नव्या फरशीची पातळी रेषेने आखून घ्यावी आणि ओट्याच्या आधारभिंती त्या रेषेवरून उभाराव्यात. ट्रॉली किंवा सिलिंडर ओट्याखाली राहणार असेल तर फरशी तिथेही त्याच पातळीत न्यावी. ओट्याचा दगड बसल्यावर मागच्या टाइल लावाव्यात, म्हणजे टाइलची खालची कड दगडावर बसते आणि सांध्यातून पाणी मागे झिरपत नाही.

सिंक दगड कापण्याआधी घरात असले पाहिजे. माझ्या स्वतःच्या घरी दुकानदाराने सांगितलेल्या मापावर भोक कापून घेतले आणि सिंक आले ते अर्धा इंच लहान. चारही कडांना सिलिकॉन भरून वेळ मारून नेली, पण दर पावसाळ्यात तो सांधा काळा पडतो. मोठी पातेली असणाऱ्या घरात २४ × १८ इंचांचे सिंक घ्यावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्याभोर ग्रॅनाइटवर उठून दिसतात, तेव्हा करड्या किंवा तपकिरी ठिपक्यांचा दगड अधिक सुखाचा, असे माझे मत आहे.

*तपासणी :* वाळलेल्या टाइलवर नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाज येईल त्या टाइलवर खडूने फुली मारून ती ग्राउटच्या आधीच बदलून घ्यावी.

टप्पा ९ : गॅस, कपाटे, रंग आणि शेवटचा हप्ता

सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूस जाळी हवी. रबरी नळी भिंतीतून किंवा टाइलमागून नेऊ नये, ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि दर पाच वर्षांनी बदलावी.

सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० दर्जाचे (पाण्यात टिकणारे) प्लायवूड किंवा न भिजणारे पीव्हीसी बोर्ड वापरावे. वाळवीचा त्रास असलेल्या घरात लाकूड भिंतीला टेकवण्याआधी भिंतीत औषध मारून घ्यावे. रंग शेवटी, भिंत पूर्ण सुकल्यावर.

सामान लावून रोजचा स्वयंपाक सुरू करावा आणि पंधरा दिवस तीच जुनी वही पुन्हा ओट्यावर ठेवावी. सिंकखाली कागद पसरून ठेवला तर बारीक गळतीही दिसते. सगळी उपकरणे एकाच वेळी चालवून एमसीबी पडतो का हे पाहावे, दारे-खण अडकतात का हे पाहावे, आणि वहीत निघालेली प्रत्येक दुरुस्ती पूर्ण झाल्यावरच राखून ठेवलेला चौथा हप्ता द्यावा.